आर्नफिनला बँकेचा फोन येतो

बँकेचा फोन यायचा असला की आर्नफिन स्कोर टाय लावायचा. फोनवर टाय दिसत नाही, असं त्याची बायको हाल्डिस त्याला दर खेपेला सांगायची. "दिसत नाही, पण ऐकू येतो," असं तो दर खेपेला म्हणायचा आणि आरशात बघून गाठ सरळ करायचा.

ही बँक म्हणजे ल्योसविक गावातली बचत बँक नव्हे. तिचा फोन आला तर माणूस लावलेला टाय सैल करतो. ही ओस्लोची मध्यवर्ती बँक, सगळ्या देशाचा व्याजदर ठरवणारी. तिच्या वतीनं वर्षातून चारदा गावोगावच्या शेकडो लहानमोठ्या धंदेवाल्यांना फोन जातात. काय, कसं चाललंय? माल खपतोय का? माणसं घेणार आहात की कमी करणार? पगार किती वाढतील? पुढचे सहा महिने कसे दिसतात? या सगळ्या उत्तरांची गोळाबेरीज करून ओस्लोतले लोक अंदाज बांधतात, की देशाच्या कुठल्या कोपऱ्यात धंदा तापलाय आणि कुठे गारठलाय.

आर्नफिनचा खुर्च्यांचा कारखाना होता. वडिलांनी काढलेला, वीस-बावीस माणसांचा, फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या काठावर, धक्क्याला लागून. खुर्च्या चांगल्या असायच्या. बसलं की उठावंसं वाटू नये अशा. पहिल्यांदा बँकेसाठी फोन आला तेव्हा कुणीतरी मासिकाची वर्गणी मागतंय असं वाटून तो फोन ठेवणारच होता. तेवढ्यात पलीकडची बाई म्हणाली, "तुमच्या मते पुढे काय होईल?"

आर्नफिन थबकला. त्याचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. वडील होते तोवर वडीलच सांगायचे. लग्न झाल्यावर हाल्डिस ठरवायची. कारखान्यातल्या लोकांना आपापलं काम पाठ होतं, त्यांना मालकाच्या मताची गरज नव्हती. आणि इथे देशाची बँक विचारत होती! तो पाऊण तास बोलला. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि हाल्डिसला वाटलं, काहीतरी बक्षीस लागलं.

दुपारी तो सहकारी दुकानात दूध आणायला गेला. दूध घरात होतं, तरी गेला. "सकाळी जरा अडकलो होतो," तो गल्ल्यापाशी म्हणाला. "ओस्लोहून फोन होता. व्याजदराबद्दल माझं मत हवं होतं त्यांना."

आता योगायोग असा, की त्यानंतर काही आठवड्यांनी व्याजदर उतरला. केशकर्तनालयवाल्या तूरुननं ती बातमी रेडिओवर ऐकली आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "आपल्या आर्नफिननं सांगितलं असणार." ती हे गमतीनं म्हणाली होती. पण गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत त्यातली गंमत वाटेत सांडून गेली. कोल्बेननं नुकतीच मासेमारीची नवी बोट घेतली होती. बोटीचा हप्ता कमी झाला म्हणून त्यानं आर्नफिनला बिअर पाजली.

त्याच वेळी आर्नफिननं सांगून टाकायला हवं होतं, की बाबांनो, माझ्यासारखे शेकडो आहेत. त्यानं सुरुवात केलीही. "म्हणजे, मी एकट्यानंच काही ठरवतो असं नाही..." असं तो म्हणायचा. पण म्हणायचा अशा सुरात की ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ लागावा. पुढली काही वर्षं व्याजदर तळाशीच राहिले आणि आर्नफिनला ठिकठिकाणी तपकिरी चीज घातलेले वॉफल मिळत राहिले. त्याचं पोट वाढलं. चालही जरा संथ झाली, मान्यवरांची असते तशी.

मग दिवस फिरले. वीज महागली, लोणी महागलं, आणि महागाईला लगाम घालायचा म्हणून व्याजदर चढायला लागले. एकदा चढले, पुन्हा चढले, आणि मग चढतच राहिले. गावातल्या घराघराचा हप्ता फुगला. वॉफल बंद झाले.

कोल्बेननं त्याला दुकानात बटाट्यांपाशी गाठलं. "काय रे आर्नफिन, काय सांगतोस तरी काय त्यांना फोनवर?"

"जे आहे ते सांगतो."

"मग जरा जे नाही ते सांगून बघ की! मी मासे धरतो ते माझ्यासाठी धरतो की बँकेसाठी, तेच कळेनासं झालंय."

तूरुनचा तर सगळा कारभार हत्यारासकट होता. "मान खाली," ती कात्री कानाशी नेऊन म्हणायची. "अजून खाली. हां. आता बोल, गेल्या खेपेला काय बोललास?" तिनं आणि तिच्या नवऱ्यानं डोंगरात सुट्टीचं लाकडी घर बांधायला काढलं होतं. छपरापर्यंत आलं आणि व्याजदरानं अडलं. तिचा नवरा आयव्हिन आर्नफिनच्याच कारखान्यात लाकूड कापायच्या यंत्रावर होता. तो स्वतः काही बोलायचा नाही. त्याच्या वाट्याचंही तूरुनच बोलायची.

"मग खरं सांगून टाक ना त्यांना," हाल्डिस म्हणाली.

"काय खरं?"

"की तुझ्यासारखे शेकडो आहेत."

"आहेत ना, शेकडो आहेत." आर्नफिननं कॉफी ढवळली. तो बिनसाखरेची घ्यायचा. "पण सगळ्यांच्या शब्दाला सारखंच वजन असतं, असं कुणी सांगितलंय?"

हाल्डिसनं त्याच्याकडे बघितलं आणि विणकाम पुढे चालू केलं.

शरदातल्या फोनच्या दिवशी सकाळीच दाराची घंटा वाजली. दारात कोल्बेन आणि तूरुन. तूरुनच्या हातात वॉफलचं ताट, वर फडकं झाकलेलं. ताट बघूनच आर्नफिनला कळलं, की आता सुटका नाही.

"आम्ही काही बोलायला आलेलो नाही," कोल्बेन खुर्ची ओढून बसत म्हणाला. "नुसते बसतो. तू बोल. फक्त या वेळी सांग, की गावाची वाट लागलीय."

"अरे, पण लागलेली नाही! उलट बेर्गनच्या हॉटेलनं मोठी ऑर्डर दिलीय आत्ताच."

"हॉटेलचं नाव काढायचं नाही," तूरुननं बजावलं. "रडायचं. एकदा रडून बघ. रडणाऱ्याला बँक काय खाऊन टाकणार आहे?"

"हे बोलणं गुप्त असतं, तूरुन. मी कुणासमोर बोलू शकत नाही."

"मग आतल्या खोलीत जाऊन बोल. आम्ही कुठे ऐकतोय."

आतल्या खोलीचं दार आर्नफिनच्या वडिलांनी स्वतः केलं होतं. खुर्च्या उत्तम करणारा माणूस दारंही उत्तम करील असं नाही. ते दार जन्मापासून दोन बोटं उघडंच राहायचं. हाल्डिसनं तिघांची कॉफी ओतली, वॉफलवर मुरंबा घातला, आणि नाटकाला आल्यासारखी फटीसमोरची जागा धरून बसली.

फोन वाजला. यंदा फोनवर सिल्ये नावाची तरुण मुलगी होती, फार गोड बोलणारी. "मागणी कशी आहे?" तिनं विचारलं.

"मागणी?" आर्नफिन खाकरला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलायला लागला की त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. "कसली मागणी? लोक खुर्च्या घेतच नाहीत. मला तर वाटतं, सिल्ये, लोकांनी बसणंच सोडलंय."

स्वयंपाकघरात कोल्बेननं अंगठा वर केला.

"अरेरे. आणि कामगारांचं?"

"निम्मे तरी काढावे लागतील. जास्तच. लाकूड कापणारे तर सगळेच." आता त्याला रंग चढला होता. आवाजात थोडा कंपही आला, तो कुठून आला ते त्याचं त्यालाच कळेना.

"काही नवीन गुंतवणूक करणार आहात?"

"एक कुलूप घेईन म्हणतोय. मोठं. कारखान्याच्या दाराला घालायला."

कोल्बेनचा दुसरा अंगठाही वर गेला. तूरुनच्या हातातला वॉफल मात्र तोंडाशी जाता जाता थांबला. तिनंच रडायला सांगितलं होतं, हे तिला माहीत होतं. पण आर्नफिनला ती लहानपणापासून ओळखत होती. शाळेत खिडकीची काच फोडली तेव्हासुद्धा त्याला धड खोटं बोलता आलं नव्हतं. इतकं सुरेख खोटं त्याला जमणं शक्यच नाही. त्या अर्थी हे खरंच असणार! लाकूड कापणारे सगळेच, म्हणजे आयव्हिन पहिला.

ती कॉफी अर्धी टाकून उठली.

दुपारपर्यंत तिच्या खुर्चीत जेवढी डोकी येऊन गेली, तेवढ्या घरांत कारखाना बंद पडला. दुसऱ्या दिवशी लाकूडवाल्या व्यापाऱ्याचा फोन आला, की यापुढे पैसे आधी, माल नंतर. बेर्गनच्या हॉटेलनं विचारलं, आमच्या खुर्च्या येणार ना, की दुसरीकडे बघू? बचत बँकेचा व्यवस्थापक "सहज" डोकावला, सहज सगळी यंत्रं बघून गेला आणि जाताना त्यानं आर्नफिनचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवला. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे बोरगिल त्याच्या कचेरीत आली.

बोरगिल खुर्च्यांवर कापड आणि चामडं चढवायची. आर्नफिनच्या वडिलांच्या वेळेपासून होती. ती नसती तर ल्योसविकची खुर्ची म्हणजे नुसता लाकडी सांगाडा.

"मी पलीकडच्या काठावर जहाजांच्या गोदीत विचारून आले," ती म्हणाली. "केबिनमधल्या बाकांना गाद्या करायला माणूस हवंय त्यांना. महिनाअखेरीपर्यंत आहे मी इथे."

"अगं, पण कारखाना कुठे बंद होतोय?"

"हो का?" बोरगिल म्हणाली आणि दार हलकेच लावून गेली.

संध्याकाळी जेवताना हाल्डिसनं उकडलेला कॉड मासा त्याच्यापुढे ठेवला. "हा विकतचा नाही बरं का. शेजारणीनं दिला. आज तिघींनी मला रस्त्यात मिठी मारली. आपण गरीब झालोय, आर्नफिन."

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? मी मासा खातेय. चांगला आहे."

त्यानं कारखान्यात सगळ्यांना जमवलं. सुट्टीत लोक डबे घेऊन आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "सगळं ठीक चाललंय," आर्नफिन म्हणाला. "कुणालाही काढणार नाही. उलट हॉटेलचं मोठं काम आलंय."

एकानं डब्याचं झाकण लावलं. मग आयव्हिननं घसा साफ केला. तो बोलतोय हे पाहून अर्ध्या लोकांनी माना वळवल्या.

"मग बँकेला काय सांगितलंस?"

"ते... ते खोटं होतं."

आयव्हिननं जरा विचार केला. "म्हणजे देशाच्या बँकेशी खोटं बोललास, आणि आमच्याशी खरं बोलतोयस."

त्या आठवड्यात आणखी दोघे जण फेरीबोटीनं पलीकडच्या गोदीत विचारायला जाऊन आले. हॉटेलच्या खुर्च्या करायला आता खरोखरच माणसं कमी पडणार होती. जे संकट त्यानं फोनवर रचलं होतं, ते चालत चालत दारात येऊन उभं राहिलं होतं.

शेवटी त्यानं धीर करून स्वतःच सिल्येला फोन लावला. टाय लावायचं सुचलंच नाही. "मी त्या दिवशी थापा मारल्या," तो एका दमात म्हणाला. "लोक बसतात. खुर्च्या घेतातही."

सिल्ये म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला शंका आलीच होती. मी तुमची आधीची उत्तरं काढून बघितली. इतकी वर्षं तुम्ही दर वेळी एकच सांगत आलात, 'थोडं बरं आहे.' कारखान्यात समुद्राचं पाणी शिरलं होतं त्या हिवाळ्यातसुद्धा 'थोडं बरं आहे.' आणि एकदम कुलूप?"

आर्नफिन ओशाळला. ते 'थोडं बरं' तरी किती खरं होतं, कुणास ठाऊक. मोठ्या लोकांपुढे रडगाणं गाऊ नये, असं वडील म्हणायचे. "आणि व्याजदर?" त्यानं भीत भीत विचारलं. "माझ्यामुळे काही..."

सिल्ये हसली, पण वाईट वाटेल असं नाही. "अहो, एकाच्या बोलण्यानं व्याजदर हलला असता, तर आम्हाला झोप लागली असती का?"

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याच वेळी कुठेतरी बारीकसं दुखलंही. इतक्या वर्षांच्या वॉफलचा आधारच गेला.

"मग आता खरं सांगा," सिल्ये म्हणाली. "कामगारांची काय स्थिती?"

"माणसं जातायत. मीच घालवली."

"त्यांचं काय म्हणणं आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना तुम्ही विचारलंत का?"

आपल्याला वर्षातून चारदा कुणीतरी विचारतं, म्हणून तो किती फुलून जायचा! आणि बोरगिलला त्यानं आजवर काय विचारलं होतं? कापड आलं का, धागा पुरेल का, शुक्रवारपर्यंत होईल का. एवढंच.

त्यानं कचेरीतला फोन ठेवला आणि तो कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे बोरगिल एकटीच चामडं ताणत बसली होती. तो शेजारच्या गादी नसलेल्या खुर्चीवर बसला. खाली नुसते पट्टे होते, ते रुतत होते. कसं विचारायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एकच पद्धत माहीत होती.

"गेल्या तीन महिन्यांत एकंदर कसं चाललं?" त्यानं विचारलं.

"कसलं?"

"तुझं."

बोरगिलनं हातोडी खाली ठेवली. "तुला बरं वाटत नाहीये का, आर्नफिन?"

"मला बरं आहे. पुढच्या सहा महिन्यांत तुला काय बदल होईलसं वाटतं? वाढ, घट, की आहे तसंच?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चेष्टा नाही, हे दिसल्यावर तिनं हात पुसले. "तुझ्या त्या कुलुपावर माझा एक दिवससुद्धा विश्वास बसला नाही," ती म्हणाली. "कारखाना बंद होतोय म्हणून मी जात नाहीये."

"मग?"

"माझ्या जोडीची गेर्ड निवृत्त झाल्यापासून मी या कोपऱ्यात एकटी असते. सकाळपासून यंत्रांचा आवाज आणि ही भिंत. डबासुद्धा इथेच खाते. घरी गेले तरी एकटीच. गोदीत शिवणकामाच्या खोलीत सहा बायका आहेत. मी विचारायला गेले तेव्हा त्या कशाला तरी इतक्या हसत होत्या, की एकीनं सुई टोचून घेतली. मला वाटलं, यांच्यात यावं." तिनं हातोडी सरळ करून ठेवली. "पगाराचं म्हणशील तर इथलाच बरा आहे."

आर्नफिनच्या तोंडावर चारपाच उत्तरं आली होती. पण सिल्ये कधी मधे बोलत नसे, हे त्याला आठवलं आणि तो गप्प राहिला. मग बोरगिल खूप वेळ बोलली. खांद्याचं सांगितलं, बहिणीशी झालेल्या भांडणाचं सांगितलं, त्याच्या वडिलांनी एकदा तिच्या हातची खुर्ची घरी नेऊन ठेवली आणि तिला मात्र कधी सांगितलं नाही, तेही सांगितलं. आर्नफिन उठला तेव्हा त्याच्या मागे पट्ट्यांच्या खुणा उमटल्या होत्या.

सोमवारी त्यानं आपली कचेरी रिकामी केली. तिथे मोठी खिडकी होती, समोर फियोर्ड, आणि पलीकडे भिंतीऐवजी काच, तिच्यातून पॉलिश आणि जोडकामवाल्यांची टेबलं दिसायची. तिथे बोरगिलचं टेबल आलं. काच काढून टाकली. मालकाचं टेबल मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. बोरगिलनं दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, तीन दिवस इथे, दोन दिवस गोदीत. "तिथले विनोदही हवेत मला," ती म्हणाली. गोदीत विचारून आलेल्या दोघांतला एक इथेच राहिला, एक गेला. हॉटेलच्या खुर्च्या आठवडाभर उशिरा गेल्या, पण गेल्या. आर्नफिन एकेकाच्या शेजारी जाऊन बसायला लागला. आयव्हिनकडून त्याला "आहे तसंच" एवढंच मिळालं, पण तेवढंही पहिल्यांदाच मिळालं होतं.

दुकानात त्यानं एकदाचं सांगून टाकलं. बटाट्यांपाशीच. "मी काही ठरवत नाही, कोल्बेन. माझ्यासारखे शेकडो आहेत. बँकेच्याच बाईनं सांगितलं."

कोल्बेननं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरोबर आहे. त्या असंच सांगणार. गुप्त ठेवावं लागतं ना."

आणि बँकेच्या पुढच्या बैठकीत व्याजदर होता तिथेच राहिला. चढला नाही, उतरला नाही. कोल्बेननं धक्क्यावर जाहीर केलं, की निदान थोपवला तरी पठ्ठ्यानं! तूरुननं आर्नफिनचे केस फुकट कापले. आर्नफिन "अगं, नाही, खरंच नाही" म्हणत राहिला, आणि या वेळी सूरही अगदी खरा होता. पण तो ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्या दिवशी जेवताना त्यानं काटा खाली ठेवला आणि हाल्डिसकडे बघितलं. "तुझ्या पुढच्या सहा महिन्यांबद्दल काय अपेक्षा आहेत?"

हाल्डिस मोठ्यांदा हसणार होती. पण तो उत्तराची वाट बघत होता. ती उकडलेला बटाटा सोलायची थांबली.

"खरं सांगू?"

"सांग."

"मला गाडी शिकायचीय."

"तुला? आत्ता?" असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि विचारलं, "कधीपासून वाटतंय?"

"आपलं लग्न झाल्यापासून," हाल्डिस म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून सांगायला लागली.